‘हार्टच लिहा’

नमस्कार.

मॅडमचे मालक भूपालदादा, त्यांच्या दोन्ही लेकी, फलटणहून आणि साताऱ्याहून पहाटे निघून आलेली डॉक्टर मंडळी, आष्ट्यातली आणि आजूबाजूच्या गावांतली सगळी माणसं, आणि माझ्या बायांनो, तुम्ही ज्या मागं दारात उभ्या आहात. आधी आत या. पुढं खुर्च्या मोकळ्या आहेत. कुणासाठी राखून ठेवल्यात असं कुणी म्हणलं तर माझं नाव सांगा.

मला बोलता येणार नाही असं मी दादांना सांगितलं होतं. ज्यांना मी माहीत नाही त्यांना सांगते, मी मालन. मगदूम मॅडमच्या दवाखान्यात बावीस वर्षं सिस्टर आहे. या बावीस वर्षांत बोलायचं काम त्यांचं होतं. माझं काम दारात उभं राहून ‘पुढचा पेशंट’ म्हणून हाक मारायचं. आज मी कुणाला हाक मारू? आत कोण बसलंय?

ही सभा सकाळी साडेआठला ठेवलीय. काहीजण मला म्हणले, एवढ्या सकाळी कुठं शोकसभा असते होय? असते. दादांनीच ठेवली. मेच्या महिन्यात दुपारी माणसं गोळा करू नका, हे मॅडम आयुष्यभर ओरडून सांगत होत्या. त्यांचं एवढं एकच मागणं मान्य झालं, आणि तेही त्या गेल्यावर.

माझ्या मागं हा फोटो आहे. फोटोखाली फलक आहे. त्यावर लिहिलंय, ‘हृदयविकाराच्या तीव्र झटक्याने दुःखद निधन’. येताना सगळ्यांनी वाचलं असेल. पेपरातही तसंच आलंय. दाखल्यावरही तसंच आहे. मी आज या फलकाबद्दल बोलायला उभी राहिलेय. मॅडम किती थोर होत्या ते बाकीचे सांगतील, आणि चांगलं सांगतील. मला ते जमत नाही. त्या थोर होत्या का ते मला माहीत नाही. चिडक्या होत्या एवढं नक्की.

मॅडमची पेशंट तपासायची एक तऱ्हा होती. तुम्हाला सगळ्यांना ती माहीत आहे, कारण तुम्ही सगळे तिला कंटाळला होता. माणूस चक्कर आली म्हणून आला, की बीपीच्या आधी विचारायच्या, ‘कुठं होतास? किती वाजता? पाणी कवा प्यालास?’ ढवळीच्या बाजूचे एक आबा एकदा वैतागून म्हणाले, ‘आवं मॅडम, चक्कर आलीया मला, आन् तुमी पोलिसावानी काय इचारताय?’ मॅडम म्हणाल्या, ‘आबा, चक्कर तुम्हाला आलीय, पण आणली कुणी ते मला शोधायचंय.’

हे सगळं सुरू कधी झालं? चंद्राक्का गेली तेव्हा.

चंद्राक्का हळद शिजवायच्या कामावर जायची. आपल्याकडं मार्च सरत आला की शेतात हळदीचे कुकर लागतात. खाली जाळ, वर वाफ, डोक्यावर ऊन. त्या वर्षी ऊन लवकर आणि लय कडक आलं होतं. चंद्राक्काला दुपारी तीनच्या सुमाराला टेंपोत घालून दवाखान्यात आणली. अंग तव्यासारखं तापलेलं आणि घामाचा टिपूस नाही. आम्ही बर्फ लावला, सलाईन लावलं, ओली चादर गुंडाळली. अर्ध्या तासात ती गेली.

मॅडम दाखला लिहायला बसल्या. तेवढ्यात तिचा थोरला आत आला आणि त्यानं मॅडमचे पाय धरले. ‘मॅडम, ऊन लिवू नगा. ऊन लिवलं की पोलीस येत्यात, चिरफाड करत्यात. माझ्या आयला फाडू नगा. हार्टच लिवा.’

मॅडमनी त्याला लय समजावलं. अरे, खरं लिहिलं नाही तर कुणाला कळणारच नाही की उन्हानं माणसं मरतात. उद्या दुसरी कुणी मरेल. पोरगं ऐकेना. ते नुसतं म्हणत होतं, ‘हार्टच लिवा, हार्टच लिवा.’ बाहेर सगळी भावकी उभी होती.

आणि मॅडमनी लिहिलं. हार्ट.

त्या दिवशी त्यांनी डबा उघडला नाही. संध्याकाळी, दिवस असतानाच जेवायचा नेम होता त्यांचा, तोही चुकवला. जाताना दुकानातून एक दोनशे पानी वही आणायला मला पाठवलं. पहिल्या पानावर त्यांनी चंद्राक्काचं लिहिलं. नाव. वय. कुठं होती. किती वाजता. पाणी प्यालेली का. मरणाचं कारण, ऊन. कागदावर, हार्ट. आणि सगळ्यात खाली, लिहिलं कुणी? तिथं त्यांनी स्वतःचं नाव घातलं.

तीच ही वही. मी पिशवीत घालून आणलीय.

त्यानंतर मॅडमनी कधीच खोटं लिहिलं नाही. मग काय झालं? लोक दुसरीकडं जायला लागले. माणूस उन्हात पडला की आपला दवाखाना सोडून गाडी पुढं जायची. मॅडमना चार दिवसांनी कळायचं. मग त्या स्कूटरवर मला मागं बसवून त्या घरी जायच्या, चहा प्यायच्या, आणि हळूच विचारायच्या, कुठं होते, किती वाजता, पाणी कवा प्याले. घरी आल्यावर वहीत लिहायचं. वही भरत गेली. कागदावर मात्र आपल्या भागात उन्हानं मेलेलं कुणी नाही. तुम्ही आजही जाऊन विचारा. कुणी नाही.

फलटणचे डॉक्टरसाहेब पुढं बसलेत. त्यांना आणि मॅडमना एकाच वर्षी एकच खूळ लागलं. पूर येऊन गेला तेव्हा नदीकाठची माणसं इथं शाळेत आणून ठेवली होती. तापाच्या रांगा लागल्या होत्या. मॅडम मला म्हणाल्या, ‘मालन, पूर आला की एक ताप, पाणी ओसरलं की डासांचा दुसरा ताप, आणि उन्हाळ्यात हे. आपण तीन औषधं देतोय. आजार एकच आहे गं. हवा बिघडलीय, तिला कोण तपासणार?’ मी म्हणलं, मॅडम, हवेला केसपेपर कुठून आणू? तर म्हणाल्या, ‘काढ. माझ्या नावानं काढ.’

मग सांगली आणि सातारा दोन्हीकडचे डॉक्टर त्यांनी जमवले. मागणी काय होती यांची? आकाशातला चंद्र नव्हता मागितला. कडक उन्हाच्या महिन्यात बारा ते चार शेतातलं काम बंद ठेवा. ऊस तोडल्यावर रानात राहिलेलं पाचट पेटवू नका, पोरांच्या छातीत धूर जातो आणि हवा आणखी तापते. नदीकाठच्या प्रत्येक गावात पावसाआधी औषधं भरून ठेवा. आणि मेलेल्या माणसाचं खरं कारण लिहा, त्यासाठी घरच्यांना छळू नका. बस. एवढंच.

त्याची निवेदनं केली. पांढरे कोट घालून डॉक्टर लोक कचेऱ्यांच्या पायऱ्यांवर बसले. कुठल्या कचेऱ्या ते मी सांगत नाही, तिथंही आपलीच माणसं असतात. सगळे चांगले वागले. बसा म्हणले. चहा दिला. निवेदन घेतलं आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून पोच दिली. मॅडमनी त्या पोचांची एक फाईल केली होती. पहिल्या वर्षी पोच. दुसऱ्या वर्षी पोच. तिसऱ्या वर्षी फाईलला दोरा पुरेना. एकदा मी विचारलं, मॅडम, आपल्याला नेमकं काय मिळालं? त्या हसल्या आणि म्हणाल्या, ‘पोच.’

महाबळेश्वरला डॉक्टरांची एक बैठक होती. मलाही नेलं होतं. हॉटेलातल्या माणसानं आम्ही खोलीत गेल्याबरोबर पंखा लावला. खाली टॅक्सीवाला होता, तो म्हणाला, ‘मॅडम, आमच्या ल्हानपणी हितं पंखा न्हवता वो कुटं. पंखा बघायला सातारला जायाचो आमी.’ मॅडमनी बैठकीत हेच सांगितलं. मोठमोठे डॉक्टर पडद्यावर आलेख दाखवत होते, आणि या उठून म्हणाल्या, तुमचे आलेख बरोबर आहेत, पण या गावात पंखा आला हे मला जास्त कळतं. सगळे हसले. मीही हसले. आता ते आठवलं की हसू येत नाही.

आणि शेतकरी वाईट होते का? नाही. मॅडम पाचटाबद्दल बोलायला गेल्या की लोक म्हणायचे, ‘आवं मॅडम, पाचट नाय पेटवलं तर खोडव्याचं दुसरं पीक कसं काढायचं? मानसं कुटं हाईत कामाला?’ खरंच होतं ते. मॅडम त्यांचं ऐकून घ्यायच्या आणि स्कूटर वळवायच्या. एकदा म्हणाल्या, ‘मालन, समोरचा खोटं बोलत असता तर भांडायला बरं पडलं असतं.’

आता त्या दिवसाचं सांगते. ते सांगितल्याशिवाय मला इथून खाली उतरता येणार नाही.

नदीकाठच्या एका गावाची ग्रामसभा होती. सरपंचांनी मॅडमना शब्द दिला होता. बारा ते चार काम बंदचा ठराव करू. एका गावानं केला असता तर दुसऱ्याला दाखवता आला असता. मॅडमना त्याचंच लय होतं, एक गाव, फक्त एक. आमचे सुभेदार, म्हणजे माझे मालक, बोलायला येणार होते. फौजेत वाळवंटात असताना दुपारची परेड बंद असायची, मग इथं रानात दुपारची भांगलण-खुरपणी का चालू, असं ते विचारणार होते. गावात निम्मी घरं फौजेतली, त्यांना ते पटलं असतं.

सभा दहाची होती. कोरम होईना. साडेअकरा झाले. बारा वाजले. शाळेच्या मैदानात पत्र्याचं शेड, खाली माणसं, पंखा एक आणि तोही स्टेजकडं. साडेबाराला सभा सुरू झाली. आधी गटार, मग पाणीपट्टी, मग स्मशानाचा रस्ता. मॅडमचा विषय कुठं घेतला होता? शेवटी. आयत्या वेळचे विषय.

मी मॅडमना दोनदा पाण्याची बाटली दिली. दोनदा त्यांनी परत दिली. बायांनो, तुम्हाला कळलं असेल का ते. शाळेच्या संडासाला कुलूप होतं. किल्ली शिपायाकडं, आणि शिपाई लग्नाला गेलेला. त्या सभेला आलेली एकही बाई पाणी प्याली नव्हती. मीपण नाही. आपण सगळ्या हे करतो. शेतात करतो, एस. टी.त करतो, लग्नात करतो. मॅडम दवाखान्यात त्यासाठी बायांना बोलायच्या. वहीत पानापानावर लिहिलंय, ‘पाणी प्याली नाही, आडोसा नव्हता’. आणि त्या दिवशी त्यांनी स्वतः तेच केलं. मी ओळखायला पाहिजे होतं. मला बावीस वर्षं शिकवलं होतं त्यांनी.

दोन वाजून गेल्यावर सरपंच म्हणाले, आता मॅडम बोलतील. मॅडम उठल्या. माईक हातात घेतला. म्हणाल्या, ‘मालन, बाहेर किती जण आहेत?’ लोक एकमेकांकडं बघायला लागले. मग म्हणाल्या, ‘सगळ्यांना आत घे. उन्हात बसवू नकोस.’

त्यांना वाटलं, आपण दवाखान्यात आहोत.

मी धावले. हात लावला. अंग तव्यासारखं. घाम नाही. हे मी चंद्राक्काच्या अंगावर बघितलं होतं. कुणी म्हणलं, झटका आलाय. मी म्हणलं, झटका नाही, ऊन आहे, पाणी आणा. माझे मालक, गावची पोरं, सगळे धावले. एका गाडीवाल्यानं आईसफ्रूटची पेटी उलटी केली. आम्ही त्यांना बर्फात घालून हॉस्पिटलला नेलं. तिथल्या माणसांनी हात राखला नाही, मी समोर होते. पण चारच्या आधी मॅडम गेल्या.

साडेचारला ड्युटीवरचे डॉक्टर मला बाहेर घेऊन आले. म्हणाले, सिस्टर, मला कळतंय हे काय आहे. पण ऊन लिहिलं तर पोलिसांना कळवावं लागेल, पोस्टमॉर्टम होईल, बॉडी उद्या मिळेल. काय लिहू?

दादा बाकावर बसले होते. लेकी पुण्याहून निघाल्या होत्या. जैन मंदिरातली चारपाच वडील माणसं आली होती. ती म्हणत होती, दिवस मावळायच्या आत झालं पाहिजे. दादांनी माझ्याकडं बघितलं आणि विचारलं, ‘सिस्टर, काय म्हणतायत डॉक्टर?’

मी आत बघितलं. मॅडम स्ट्रेचरवर होत्या. केसांतून बर्फाचं पाणी गळत होतं. मी त्यांचे केस पुसले. आणि मला वाटलं, नको. यांना कुणी फाडायला नको.

दादा, मी तुम्हाला सांगितलं, काही नाही, सह्या हव्यात. ते खोटं होतं. तुम्हाला विचारलं असतं तर तुम्ही काय म्हणला असता मला माहीत नाही. मी विचारलंच नाही. मी डॉक्टरांना म्हणाले, ‘हार्टच लिहा.’

हे शब्द माझ्या तोंडातून आले. ज्या शब्दांशी त्या बाईनं इतकी वर्षं भांडण केलं ते शब्द त्यांच्यासाठी त्यांच्याच सिस्टरनं म्हणले. चंद्राक्काच्या पोराला मी मनात लय नावं ठेवली होती. तो आज इथं आलाय, तिकडं खांबाजवळ उभा आहे. बाबा, मला माफ कर. तुला त्या दिवशी काय वाटत होतं ते मला आता कळलं.

चार दिवसांनी मी पुन्हा त्या डॉक्टरांकडं गेले. म्हणलं, बदलून द्या. माझा जबाब घ्या, वाटेल तिथं सही करते. ते म्हणाले, सिस्टर, आता कशावरून लिहू? दहन झालं. पुरावा काय? मी वही पुढं केली. त्यांनी ती शेवटपर्यंत चाळली. हळूच मिटली आणि परत दिली. म्हणाले, याला कुणी मानणार नाही. त्यांचं खरं आहे. या वहीवर कुणाचाच शिक्का नाही. हिला पोच नाही.

त्या गावच्या सरपंचांनाही विचारलं. ठरावाचं काय झालं? ते रडले माझ्यासमोर. म्हणाले, सभा तहकूब झाली, आता पुढची ऑगस्टात. ऑगस्टात ऊन नसतं. तेव्हा पूर असेल.

मी काय करू? फलटणचे डॉक्टरसाहेब म्हणतात आपण निवेदन देऊ. देऊ. मी येईन, फाईल मीच धरेन. पण खरं सांगते, माझ्यात ती आशा नाही जी त्यांच्यात होती. दवाखाना उघडते, झाडते, आणि आतल्या रिकाम्या खुर्चीकडं बघत बसते. बाहेर ऊन वाढत जातं. मला ते थांबवता येत नाही. एक कागदसुद्धा मला दुरुस्त करता आला नाही.

एकच गोष्ट करता आली, ती मी काल केली. वहीत पान लिहिलं. ते वाचते आणि खाली उतरते.

नाव, डॉक्टर मगदूम मॅडम. वय एकसष्ट. कुठं होत्या, ग्रामसभेत, पत्र्याखाली. किती वाजता, दहा ते अडीच. पाणी, नाही. का नाही, संडासाला कुलूप. मरणाचं कारण, ऊन. कागदावर, हार्ट. लिहायला लावलं कुणी, मालन.

आता आपण दोन मिनिटं शांत राहू. उभं राहायचं नाही, बसूनच. पण त्याआधी एक करा. तुमच्या प्रत्येकीच्या खुर्चीखाली पाण्याचा तांब्या ठेवलाय, मी सकाळी स्वतः भरलाय. मागचे संडास उघडे आहेत, कुलपं मी काढून माझ्याजवळ ठेवलीत, ही बघा. बायांनो, लाजू नका. आधी पाणी प्या. सगळ्यांचं पिऊन झालं, की मग गप्प बसू.